जो कोणी रिकामा असेल

ही गोष्ट मी आजवर फक्त दोघांना सांगितली आहे. एक माझी बायको, जी तिथे हजर होती. दुसरे आमचे डॉक्टर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हल्ली तुम्हाला झोप नीट लागते का?"

म्हणून इथे लिहितोय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

आणि यात मध्यरात्र नाही, पडका बंगला नाही, पांढऱ्या कपड्यातली बाईही नाही. जे झालं ते गेल्या वर्षी आमच्या सुक्कोथ सणाच्या चौथ्या संध्याकाळी झालं. दिवे लागले होते, ताटं वाढली होती आणि घरची तीन माणसं जेवायला बसली होती.

तीनच.

मी खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करतो. जुना फोम काढायचा, नवा भरायचा, वर कापड नाहीतर रेक्झिन ताणून पिना मारायच्या. खाली दुकान, वर घर, आणि दुकानाच्या मागे चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढं उघडं अंगण. धंदा बाबांचा. त्यांनीच शिकवला.

या धंद्यात एक गोष्ट आपोआप येते. बसून बसून फोमला जो खड्डा पडतो, त्यावरून माणूस कसा बसतो ते कळतं. कोण टेकून बसतं, कोण पाय दुमडून, कोण नुसतं काठावर टेकतं. बाबा म्हणायचे, "माणूस तोंडाने खोटं बोलेल, बसल्यावर नाही."

बाबांची स्वतःची खुर्ची तर मी डोळे मिटून ओळखली असती. त्यांचा उजवा खुबा एकदा मोडला होता. तेव्हापासून ते सगळा भार डावीकडे टाकून बसायचे. त्यांच्या खुर्चीची डावी बाजू वर्षभरात बसायची. म्हणून मी तिच्यात डावीकडे फोमचा एक थर जास्त घालायचो.

हा थर लक्षात ठेवा.

बाबा गेले आणि आईने जेवण सोडलं.

म्हणजे रुसून वगैरे नाही. ताटावर बसायची, दोन घास घ्यायची आणि म्हणायची, "झालं माझं." पहिले काही दिवस आम्ही दुःख म्हणून सोडून दिलं. पण दहा महिने झाले तरी तेच. माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते. तिथल्या काट्यावर ती दर आठवड्याला आईला उभी करायची. बावन्न किलोची आई सदतीसवर आली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन किलो उतरले की दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि या वयात ते झेपेलच असं नाही.

बाबांना मी वाचवू शकलो नव्हतो. आता आई माझ्या डोळ्यांदेखत झिजत होती आणि मी दिवसभर लोकांच्या खुर्च्या भरत होतो. मला स्वतःची चीड यायची.

अशात सण आला. आई इतकंच म्हणाली, "मांडव घालशील ना रे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ज्यू. शेतातलं पीक घरात आलं की आमचा सुक्कोथ येतो. घराबाहेर, उघड्या आभाळाखाली मांडव घालायचा आणि सात दिवस त्यात जेवायचं. वर पक्कं छप्पर चालत नाही. तोडलेल्या फांद्या पसरायच्या, त्याही अशा की मधून चांदणं दिसलं पाहिजे. आमच्या मांडवाच्या भिंती सोफ्याच्या उरलेल्या कापडांच्या असतात. एक फुलाफुलांची, एक पट्ट्यांची, एक ऑर्डर देऊन परत न आलेल्या कुणा गिऱ्हाइकाची जांभळी. बायको म्हणते, "देव आला तर त्याला वाटेल सेल लागलाय."

आणि मांडवात एक खुर्ची रिकामी ठेवायची.

ती पाहुण्याची. सात संध्याकाळी सात पूर्वज जेवायला येतात असं आम्ही मानतो. रोज एकाचं नाव घ्यायचं, त्याला आत बोलवायचं आणि मग जेवायला बसायचं. त्याच्यापुढेही ताट वाढायचं. जेवणं झाली की ते अन्न डब्यात भरून सकाळी कुणा गरजूला द्यायचं. पाहुण्याला बोलवायचं काम घरच्या कर्त्या माणसाचं. म्हणजे इतकी वर्षं बाबांचं. त्यांच्याकडे एक कागद होता, सातही नावं क्रमाने लिहिलेला.

त्या वर्षी तो कागद माझ्या खिशात होता.

पाहुण्याची खुर्ची मी नव्याने भरली. दुकानातला सगळ्यात कडक फोम घातला, वर हिरवं रेक्झिन ताणलं. तसल्या फोमवर तुम्ही उड्या मारा, खड्डा पडत नाही. फक्त नव्या रेक्झिनवर कुणी बसलं की शिवणीतून हवा बाहेर पडते.

फुस्स...

असा आवाज येतो. दिवसातून पन्नासदा ऐकतो मी तो.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. कागद पाहून नाव घेतलं, जेवलो. आईचे तेच दोन घास.

चौथ्या संध्याकाळी खिशात हात घातला तर कागद नव्हता. दुकानातल्या पँटमध्ये राहिला होता आणि ती पँट बायकोने धुवायला टाकली होती. पहिले तीन कुणालाही पाठ असतात. चौथ्यापासून क्रम वेगवेगळ्या घरी वेगवेगळा. आमच्याकडे योसेफ आधी की मोशे आधी, मला आठवेना. आईला विचारायला हवं होतं. पण बापाची जागा घेऊन चार दिवस झाले नाहीत तोवर अडखळलो, हे तिला कशाला दाखवा? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात पोटात कावळे ओरडत होते.

मी मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि म्हणालो,

"आज ज्याची पाळी असेल त्याने यावं. नाहीतर जो कोणी रिकामा असेल त्याने यावं. या, बसा."

बायको फिसकन हसली. मीही हसलो.

आई हसली नाही. ती माझ्या मागे बघत होती.

वारा अजिबात नव्हता. तरी मांडवाच्या तोंडावरचं जांभळं कापड हळूच बाजूला झालं. कुणी हाताने सारावं तसं. क्षणभर तसंच राहिलं... आणि मागे आलं.

मग...

फुस्स.

मी खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. बायकोकडे पाहिलं. तिचं हसू थांबलं होतं. धंद्यात मी असलो तरी त्या आवाजाचा अर्थ आता तिलाही कळतो.

आम्ही आपापल्या जागी बसलो. मी पाव मोडून सगळ्यांना दिला. पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

आणि आई म्हणाली, "मला अजून थोडी भाजी वाढ गं."

दहा महिन्यांत पहिल्यांदा.

ती सबंध ताट जेवली. सावकाश, रिकाम्या खुर्चीकडे अधूनमधून बघत. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. खरं सांगतो, त्या वेळी भीती कुठल्या कुठे पळाली. मला वाटलं, बाबाच आले. दुसरं कोण येणार?

सकाळी पाहुण्याच्या वाट्याचा डबा मी रस्ता झाडणाऱ्या मावशींना दिला. आदले तीन दिवस त्यांनी तो आनंदाने घेतला होता. या वेळी अर्ध्या तासाने त्या परत आल्या.

"दादा, रागावू नका. पण हे कुणीतरी खाल्लेलं आहे."

"मावशी, हातसुद्धा लागलेला नाही त्याला. मी स्वतः भरलंय."

"भरलेलं दिसतंय. पण खाल्लेलं आहे." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "खाऊन बघा तुम्ही."

मी एक घास घेतला.

मीठ नाही, तिखट नाही, वास नाही. तोंडात ओला पुठ्ठा धरावा तसं. तीच भाजी रात्री मी बोटं चाटत खाल्ली होती.

मी डबा तसाच ठेवला आणि मांडवात गेलो. उन्हाचे कवडसे हिरव्या रेक्झिनवर पडले होते.

खुर्चीत खड्डा होता.

कडक, नव्या, चार दिवसांच्या फोममध्ये... खोल खड्डा.

मी गुडघ्यावर बसून तो पाहिला. धंद्याची सवय. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. सगळा भार पुढच्या काठावर. जो कोणी बसला होता तो अगदी टोकाला बसून, टेबलावरून पुढे झुकलेला होता.

समोर आईची जागा होती.

बाबा असे कधीच बसले नाहीत. त्यांच्या खुब्याला ते जमलंच नसतं.

त्या संध्याकाळी मी कागद शोधून आणला. धुऊन त्याची शाई पसरली होती, पण नावं लागत होती. मी क्रमाप्रमाणे पाचवं नाव घेतलं, मोठ्याने, नीट उच्चार करून. मला वाटलं, खरा पाहुणा आला की आधीच्याला उठावं लागेल. आपल्याकडेही एक पाहुणा गेल्याशिवाय दुसऱ्याला खाट मिळत नाही.

मी कान देऊन उभा राहिलो.

कापड हललं नाही. फुस्स आवाज आला नाही.

कारण खुर्चीतून कुणी उठलंच नव्हतं.

आई त्या दिवशी दोनदा भात मागून जेवली. आणि जेवताना बोलत होती. हळू आवाजात, आमच्याशी नाही. एखादं वाक्य बोलायची, थांबायची, मान हलवायची. थांबणं तेवढंच, जेवढं समोरच्याला उत्तर द्यायला लागतं.

वर आल्यावर बायको म्हणाली, "आज वजन केलं. अडतीस आठशे."

"ते बाबा नाहीत," मी म्हणालो आणि तिला खड्ड्याचं सांगितलं.

तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आईंना सांगू नकोस."

"अगं, कोण आहे ते आपल्याला माहीत नाही."

"नसू दे. तू सांगशील आणि त्या पुन्हा ताट बाजूला सारतील. मग काय करशील? नळी घालशील?"

मी सांगितलं नाही.

सहाव्या सकाळी आणखी एक झालं. सणात आम्ही खजुराचं न उमललेलं लांब पान, त्याला बांधलेल्या दोन झाडांच्या डहाळ्या आणि महाळुंगाचं पिवळं फळ हातात धरतो. मग सहा दिशांना ते हलवायचं. चार दिशा, वर आणि खाली. प्रत्येक दिशेला तीनदा. पान सळसळतं, फार छान आवाज येतो. मी मांडवात एकटा होतो. सगळ्या दिशा झाल्या, पान खाली टेबलावर ठेवलं, हात मागे घेतले.

सळ्... सळ्... सळ्.

पान टेबलावर होतं. हललं नव्हतं. आवाज माझ्या मानेमागून आला होता.

मी महाळुंग उचलून नाकाशी नेलं. त्या फळाने आमचं सगळं घर सात दिवस घमघमतं. त्याला वास नव्हता. मेणाच्या फळासारखं नुसतंच पिवळं.

सण संपला तसा मांडवाला निरोप द्यायचा असतो. मी उभा राहिलो आणि पाहुण्यांचा एकेक करून निरोप घेतला. सहा जणांचा घेतला. चौथ्याला काय म्हणून निरोप देऊ? ज्याला नाव घेऊन बोलावलं नाही, त्याला जा कसं म्हणायचं?

"तुम्हीही या आता," एवढंच पुटपुटलो. निरोप देताना आपण 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. जीभ वळली तसं बोलून गेलो आणि पुढच्याच क्षणी कळलं, मी त्याला पुन्हा बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मांडव मोडला. फांद्या उतरवल्या, कापडं गुंडाळली. खुर्ची दुकानात आणून तिचं रेक्झिन टराटरा फाडलं. फोम उपसून काढला.

फोम कोमट होता. आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखा.

तो मी कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकला. खुर्चीचा सांगाडा माळ्यावर चढवला. हात धुतले आणि वर गेलो. बायको अजून कामावरून यायची होती. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर ताट. मला पाहून हसली.

"बस," म्हणाली. "तिथे नको. या बाजूला बस."

तिच्या समोरची खुर्ची रिकामी होती. आमची रोजची. तिच्यात हवा उरलेली नाही, फोम सात वर्षं जुना आहे.

फुस्स...

तरी आवाज आला.

मला राहवलं नाही. "आई," मी म्हणालो, "ते बाबा नाहीत."

"माहीत आहे मला."

तिने शांतपणे घास घेतला. चावून गिळला.

"चव्वेचाळीस वर्षं शेजारी जेवले त्यांच्या. कोण बसलंय ते मला कळणार नाही?"

"मग कोण आहे?"

"मी विचारलं नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्याला तू कोण असं विचारतात का?"

"अगं आई, पण तू त्याच्याशी बोलतेस."

"तोच बोलतो जास्त." ती पाणी प्यायली. "तो म्हणाला, 'मला नीट जेवू घाला. मी तुमच्या यजमानांना ओळखतो. पुढच्या वर्षी मांडव घातला की त्यांना घेऊन येतो. पण तोवर तुम्ही इथे असायला हवं.' मग मला जेवायला नको?"

ती माझी समजूत काढावी तशी माझ्या हातावर थोपटत राहिली. तिच्या बोटांना ऊब आली होती.

याला आता वर्ष होत आलं.

आई एकावन्न किलोची आहे. बाजारात जाते, शेजारच्या बाईशी भांडते, माझ्या ढेरीवरून मला बोलते. डॉक्टर म्हणतात, चमत्कार आहे. रोज संध्याकाळी टेबलावर चौथं ताट असतं. ते अन्न आम्ही कुणाला देत नाही. पुरतो. त्या खुर्चीत आम्ही बसत नाही, आणि पाहुणे आले तर बायको काहीतरी सबब सांगून त्यांना बाहेरच्या खोलीत बसवते. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. आम्हाला झालेली नाही. बायको अजूनही त्या खुर्चीकडे पाठ करून स्वयंपाक करत नाही.

परवापासून सण आहे.

गेल्या आठवड्यात आई दुकानात आली. असं ती कधी येत नाही. म्हणाली, "यंदा दोन खुर्च्या लागतील. एक त्याला. आणि दुसरीत डावीकडे एक थर जास्त घाल. त्यांचा खुबा दुखतो."

तिने केस धुतले होते. नवा झगा शिवायला टाकलाय म्हणाली.

मी नाही म्हणू शकलो नाही. तुम्ही म्हणाला असता?

दोन्ही खुर्च्या भरल्या. तोच कडक फोम, तेच हिरवं रेक्झिन. दुसरीत डावीकडे एक थर जास्त घातला. तो घालताना मी रडलो, हेही सांगून टाकतो. कुठेतरी मलाही वाटत होतं की बाबा येतील. दोन्ही खुर्च्या दुकानात भिंतीशी लावून ठेवल्या.

काल संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी त्यांच्यावरून हात फिरवला.

गिऱ्हाईक घरी नेण्याआधी एकदा बसून बघतं, तसं कुणीतरी बाबांच्या खुर्चीत बसून गेलं होतं.

खड्डा होता. मी दिवा जवळ धरला, गुडघ्यावर बसलो, पुन्हा पुन्हा पाहिलं.

डावीकडचा थर जसाच्या तसा उभा होता.

खड्डा पुढच्या काठावर होता.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती आज दोनदा भात मागून जेवली.